लहान मुलांचे जुलाब: पहिल्या तासापासून चौदाव्या दिवसापर्यंत

जुलाब झालेलं बाळ घेऊन दवाखान्यात आलेल्या माणसांना शीचा आकडा तोंडपाठ असतो. 'सकाळपासून आठ वेळा झाली', 'रात्रीत सहा दुपटी बदलली'. शू शेवटची कधी झाली, असं विचारलं की मात्र आई आजीकडे बघते आणि आजी बाबांकडे. बालरोग विभागात नर्स म्हणून काम करताना हे इतक्यांदा पाहिलंय, की पहिल्यांदा आईबाबा झालेल्यांना मी सगळ्यात आधी हेच सांगते: शी मोजत बसू नका, शूकडे लक्ष द्या. जुलाबात मूल दगावतं ते बहुतेक वेळा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. ते भरून काढणं तुमच्या हातात आहे, आणि त्याची सुरुवात घरीच, पहिल्या पातळ शीनंतर करायची असते.

एक साधी अडचण इथेच सांगून टाकते. डायपरमध्ये पातळ शी आणि शू वेगळी कळत नाही. म्हणून जुलाबाच्या दिवसांत बाळ घरी असेल तर डायपर काढून सुती लंगोट बांधा. धुणं वाढेल, पण शू झाली की नाही हे नक्की समजेल. दर तीन-चार तासांनी फिकट रंगाची शू होत असेल, तर पाणी पुरतंय. सहा तास लंगोट शूने ओला झालाच नाही, किंवा झालेली शू थोडी आणि गडद पिवळी असेल, तर पाणी कमी पडतंय.

हे जुलाब आहेत का, आणि कसले?

चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ, पाण्यासारखी शी झाली तर ते जुलाब. अंगावर पिणाऱ्या तान्ह्या बाळाचं वेगळं असतं. ते दिवसातून सात-आठ वेळा पिवळी, दाणेदार, मऊ शी करू शकतं. बाळ नीट पीत असेल, खेळकर असेल, वजन वाढत असेल तर त्याला काही झालेलं नाही. नेहमीपेक्षा शी अचानक पातळ झाली आणि वारंवार होऊ लागली, तरच जुलाब समजा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल तर घरी वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जुलाबाचे ढोबळमानाने दोन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरतं.

पहिला पाण्यासारखा. भसाभस पातळ शी, सोबत उलट्या, थोडा ताप. लहान मुलांमध्ये यामागे बरेचदा रोटाव्हायरससारखा विषाणू असतो. जिवाणूंमध्ये ई. कोलायच्या काही जाती आणि पटकीचा (कॉलराचा) जिवाणू अशी शी घडवतात. पटकीत शी तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी दिसते आणि काही तासांत मूल गळून जातं.

दुसरा आवेचा, रक्ताचा. शी थोडी थोडी, पण सारखी होते. त्यात शेंबडासारखी आव, रक्ताच्या रेषा. मूल कुंथतं, पोटात मुरडा येऊन कळवळतं, ताप चढतो. इथे बहुतेक वेळा शिगेला नावाचा जिवाणू असतो, कधी कॅम्पिलोबॅक्टर किंवा साल्मोनेला. आपल्याकडे रक्त दिसलं की 'अमिबा झालाय' म्हणायची सवय आहे. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये अमिबामुळे रक्त पडणं कमी वेळा घडतं. त्यामुळे मोठ्यांसाठी घरात आणून ठेवलेली अमिबाची गोळी अर्धी करून मुलाला देऊ नका.

'दात येतायत म्हणून होतात' हेही घरोघरी ऐकायला मिळतं. दात येण्याचं वय आणि रांगत रांगत जे सापडेल ते तोंडात घालण्याचं वय एकच आहे, खरं कारण तिथे आहे. दातांचे जुलाब समजून दोन दिवस काही न करणं महागात पडतं.

पहिलं काम: ओआरएस

जिवाणूच्या विषामुळे आतड्यातून पाणी बाहेर पडत राहतं, पण ग्लुकोज आणि मीठ जोडीने आत घेण्याची आतड्याची वाट त्या काळातही चालू असते. ते दोन्ही आत गेले की पाणी मागोमाग शोषलं जातं. नुसतं पाणी किंवा नुसती साखर हे काम करत नाही. दोन्हीचं प्रमाण जमावं लागतं, आणि ओआरएसच्या पुडीत ते जमवलेलं असतं. एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड आणि २.९ ग्रॅम सायट्रेट असतं. हे जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र. पुडीवर तसा उल्लेख आहे का, ते वाचून घ्या.

पुडी आशाताईंकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात फुकट मिळते. औषधाच्या दुकानात थोडक्या पैशांत. सुपरमार्केटच्या फ्रिजमध्ये रंगीत, फळांच्या चवीची पेयं ओआरएस म्हणून वर्षानुवर्षं विकली गेली, आणि त्यांत साखर कितीतरी जास्त असायची. जास्त साखरेने जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. त्यासाठी हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी कित्येक वर्षं पाठपुरावा केला होता. मी त्यांची मनापासून ऋणी आहे, कारण हीच पेयं पाजून आणलेली मुलं आमच्या वॉर्डात आलेली आहेत.

आता कालवायचं कसं. हात साबणाने धुवा. मोठी पुडी असेल तर एक लिटर पाणी मोजून घ्या. घरात एक लिटरची बाटली असतेच, तिनेच मोजा. पाणी उकळून गार केलेलं हवं. अख्खी पुडी त्यात रिकामी करा, ढवळा, झाकण ठेवा. छोटी पुडी, साधारण ४ ग्रॅमची, २०० मिलिलिटरसाठी असते. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. मोठ्या पुडीतली चमचाभर पूड पेल्यात टाकायची आणि उरलेली गुंडाळून ठेवायची, ही पद्धत सोडा. प्रमाण बिघडतं. घट्ट झालं तर अंगात मीठ वाढून मुलाला झटके येऊ शकतात, पातळ झालं तर उपयोग होत नाही. वरून साखर, मध, सरबत घालू नका. कालवल्यावर उकळू नका. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्या आणि नवीन करा.

पुडी नाहीच मिळाली, रात्र आहे, वस्ती लांब आहे, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा, पाच मिलिलिटरचा. सपाट म्हणजे वरची शीग बोटाने सारून टाकलेला. करून झाल्यावर स्वतः चव घ्या. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ते फेका. हे सकाळपर्यंतचं काम भागवतं. सकाळ झाली की पुडी आणा.

किती पाजायचं? प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांखालच्या मुलाला ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा कप. दोन वर्षांवरच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर. अंगावर पिणाऱ्या बाळाचं पाजणं थांबवायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं आणि मधे मधे ओआरएस.

मूल उलटी करतं म्हणून पाजणं बंद करणारे खूप असतात. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा. मग वाटी-चमचा घ्या, दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. तहानलेलं मूल पेला ओढून घटाघटा पितं आणि पुन्हा ओकतं, म्हणून पेला त्याच्या हातात देऊ नका. उलटीत सगळंच बाहेर पडत नाही, बराच भाग आत राहतो.

एक उदाहरण घेऊ. दहा किलोचं मूल आहे आणि त्याच्यात पाणी कमी झाल्याची लक्षणं दिसतायत. अशा मुलाला दवाखान्यात चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे ७५० मिलिलिटर ओआरएस पाजतात. चहाच्या चमच्याने ते १५० चमचे होतात, दर दीड मिनिटाला साधारण एक. हे एकट्या माणसाचं काम नाही. आई दमते, हात दुखतो, मूल तोंड फिरवतं. म्हणून आजोबा, मामी, शेजारीण, जे कोणी असेल त्यांनी अर्धा-अर्धा तास वाटून घ्यावा. 'सिस्टर, त्यापेक्षा सलाईन लावा ना' असं नातेवाईक म्हणतात तेव्हा ते आळसाने म्हणत नसतात. थकलेले आणि घाबरलेले असतात. पण ज्या मुलाला गिळता येतंय, त्याला चमचा सलाईनइतकंच काम देतो, आणि सुई टोचण्याचा त्रासही नाही.

हे कागदावरचं बोलणं नाही. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली. सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पिंपांतून ठेवलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. तोवर शंभरातले सुमारे तीस रुग्ण दगावत होते, ते प्रमाण चारच्याही खाली आलं. पाजणारे हात घरच्या माणसांचे होते. डॉ. महालनबीस २०२२ साली गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

ओआरएसने शी लगेच थांबत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. पहिल्या दिवशी तर पाणी पोटात गेल्यावर शी वाढल्यासारखी वाटते. 'पाजलं की होते, म्हणून बंद केलं' हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मूल तरतरीत होतंय का, शू होतेय का, एवढंच बघा.

पाणी किती कमी झालंय, हे चार ठिकाणी बघा

मूल कसं आहे: चिडचिडं, अस्वस्थ आहे का? की नुसतं पडून आहे, हाक मारली तरी डोळे धड उघडत नाही?

डोळे: खोल गेलेत का? आईला विचारावं, कारण नेहमीचे डोळे कसे असतात ते तिलाच माहीत असतं.

पाणी: चमचा दिसताच झेप घेतंय का? की पाणी तोंडातून ओघळतंय, गिळतच नाही?

कातडी: बेंबी आणि कूस यांच्या मधोमध, अंगठा आणि त्याशेजारचं बोट यांनी कातडी उभी चिमटीत धरा. नखं लावू नका, बोटांच्या पेरांनी धरा. क्षणभर धरून सोडा. निरोगी मुलाची कातडी सोडताक्षणी बसते. हळूहळू बसली तर पाणी कमी झालंय. दोन सेकंदांपेक्षा जास्त वेळ वळी तशीच राहिली तर मूल धोक्यात आहे. हे एकदा मूल बरं असताना करून बघा, म्हणजे आजारपणात फरक कळेल.

अस्वस्थ मूल, खोल डोळे, हावरी तहान, हळू बसणारी कातडी यांतली दोन लक्षणं दिसली तर ओआरएस पाजत पाजत प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. मूल मलूल पडलंय, पिता येत नाही, कातडी फार हळू बसतेय, तर १०८ ला फोन करा. या मुलाला शिरेतून सलाईन लागतं, तेही लगेच. वाटेत थोडं जरी गिळत असेल तर चमचा चालू ठेवा. पूर्ण बेशुद्ध मुलाच्या तोंडात मात्र काही घालू नका.

तान्ह्या बाळाची टाळू खोल जाणं हेही पाणी कमी झाल्याचंच लक्षण आहे. टाळू वर यावी म्हणून तिच्यावर तेल थापतात, बाळाला उलटं धरतात, तोंडात बोट घालून आतून वर दाबतात. टाळू आतून खाली गेलेली असते, पाणी भरलं की आपोआप वर येते. बोट घालून फक्त जखम होते.

कुपोषित मुलाबाबत ही तपासणी फसवते. खूप वाळलेल्या मुलाची कातडी जुलाब नसतानाही सैल असते. अंगणवाडीत मूल तीव्र कुपोषित नोंदवलेलं असेल, तर जुलाबाच्या पहिल्याच दिवशी दवाखान्यात न्या. त्याला ओआरएस किती आणि किती हळू द्यायचं, याचा हिशेब वेगळा असतो.

दुसरं काम: झिंक, पूर्ण चौदा दिवस

झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी पाण्यात विरघळते. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी. चमचाभर उकळलेल्या पाण्यात किंवा आईच्या काढलेल्या दुधात विरघळवायची आणि पाजायची. अर्ध्या तासात ओकलं तर पुन्हा द्यायची. चव धातूसारखी लागते, मूल तोंड वाकडं करतं, पण चालतं.

झिंकने जुलाबाचे दिवस कमी होतात आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यताही घटते. पण घरोघरी तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की पाकीट कपाटात जातं. गोळ्यांच्या पट्टीवर पेनाने तारखा लिहून ठेवा. हा उपाय मी ज्यांना सांगितला, त्यांच्याकडून चौदा दिवस पुरे झालेत.

खाणं चालू ठेवायचं

'पोटाला आराम' म्हणून उपाशी ठेवलेलं मूल जुलाबातून उठतं, पण वजन गमावून. मग पुढचा आजार त्याला आणखी लवकर गाठतो. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध. त्यापुढे आईच्या दुधासोबत मऊ भात-वरण, मुगाची खिचडी वर तूप घालून, भाताची किंवा नाचणीची पेज, ताज्या दह्याचं ताक, कुस्करलेलं केळं. थोडं थोडं, दर तीन तासांनी. वरचं दूध पीत असेल तर ते पाणी घालून पातळ करू नका. बाजारचे रस, सरबतं, शीतपेयं, गोड चहा बंद. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.

शहाळ्याचं पाणी, डाळीचं पाणी दिलं तर चांगलंच, पण ओआरएसच्या जागी नाही, सोबत.

अँटिबायोटिक कधी?

मुलांच्या पाण्यासारख्या जुलाबांत बहुतेक वेळा अँटिबायोटिक लागत नाही. तरी दुकानातून 'पोटाचं सिरप' आणलं जातं. त्यात अनेकदा दोन-दोन औषधं एकत्र असतात, एक जिवाणूचं आणि एक अमिबाचं. मूल चौथ्या दिवशी आपसूक बरं होणारच असतं, श्रेय सिरपला मिळतं. आणि खरोखर शिगेला होतो तेव्हा ते औषध त्याच्यावर चालत नाही, कारण जिवाणू त्याला निर्ढावलेला असतो. शिगेलावर एकेकाळी हमखास लागू पडणारी औषधं अशीच एकामागून एक निकामी झाली आहेत.

अँटिबायोटिक खरोखर लागतं ते शीमध्ये रक्त असेल तेव्हा, पटकीचा संशय असेल तेव्हा, मूल फार कुपोषित असेल किंवा फार लहान असेल तेव्हा. कोणतं, किती आणि किती दिवस, हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही दोन गोष्टी करा: दिलेला कोर्स पुरा करा, आणि रक्ताच्या जुलाबांत औषध सुरू केल्यावर दोन दिवसांत ताप, रक्त, मुरडा कमी झाला नाही तर परत दाखवा. औषध बदलावं लागू शकतं.

शी थांबवणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या, लोपरामाइड वगैरे, लहान मुलांना कधीच नाहीत. त्यांनी आतड्याची हालचाल थांबते, पोट फुगतं आणि जिवाणू आतच राहतात.

घरगुती औषधांबद्दल आजींचा मान राखून सांगते. जुलाबावर जायफळ उगाळून चाटवण्याची पद्धत जुनी आहे. जायफळाने गुंगी येते. गुंगीत मूल शांत झोपतं, घरच्यांना वाटतं बरं वाटलं, आणि पाणी कमी होऊन आलेली मरगळ ओळखूच येत नाही. आवेवर मुरुडशेंग देतात, तेही लहान बाळाला नको. उगाळायची सहाणही बघा. कोनाड्यातली, धूळ बसलेली, नळाच्या पाण्याने ओली केलेली सहाण म्हणजे बाळाच्या तोंडात नवे जंतू.

थांबू नका, न्याच

शीमध्ये रक्त. वरचेवर उलट्या, काहीच टिकत नाही. जास्त ताप किंवा झटका (शिगेलात तापासोबत झटके येतात). पोट फुगून घट्ट. सहा तास शू नाही. मूल पीत नाही, उठत नाही. जुलाब चौदा दिवसांवर लांबले.

दोन गोष्टी जुलाब ओसरल्यावरच्या आहेत, आणि त्या लक्षात राहत नाहीत. रक्ताच्या जुलाबानंतर मूल पांढरं फटक पडलं, शू एकदम कमी झाली, अंगावर सूज आली, तर मूत्रपिंडावर परिणाम झालेला असू शकतो. आणि जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांनी पायांतलं बळ जाऊ लागलं, चालणारं मूल अडखळू लागलं, तर तो गिया-बारे सिंड्रोम (जीबीएस) हा मज्जातंतूंचा आजार असू शकतो. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात याचीच साथ आली होती. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काही रुग्णांच्या शीत कॅम्पिलोबॅक्टर सापडला होता. दोन्हींत त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.

पुन्हा होऊ नये म्हणून

शिगेलाचे दहा ते शंभर जिवाणू पोटात गेले तरी आजार होतो. एवढे जिवाणू नखाच्या कडेला सहज मावतात. म्हणून सगळ्यात मोठा उपाय हात धुणं. साबणाने हात धुण्याने जुलाबाचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने कमी होतं. तीन वेळा चुकवायच्या नाहीत: बाळाची शी काढल्यावर, स्वयंपाकाला बसण्याआधी, बाळाला भरवण्याआधी. साबण मोरीत उंच फळीवर असेल तर हात धुतले जात नाहीत, हे मी पाहिलंय. जिथे बाळाचं ढुंगण धुता, तिथेच हाताला लागेल असा साबण ठेवा. भरवणाऱ्याची नखं आणि अंगठ्याही बघा.

लहान बाळाची शी निरुपद्रवी असते असं समजून ती अंगणात, गटारीत, उकिरड्यावर टाकतात. तिच्यात मोठ्यांच्या शीइतकेच जंतू असतात. संडासातच टाका. दुपटी स्वयंपाकाच्या भांड्यांपासून लांब धुवा आणि कडक उन्हात वाळवा.

दूध पाजायची बाटली घरात आणूच नका, हा माझा आग्रह आहे. रबरी बोंडीच्या आत, बाटलीच्या मानेच्या आट्यांत दुधाचा थर साचतो आणि साध्या धुण्याने निघत नाही. आपलं जुनं बोंडलंही तसंच. चांदीचं असलं तरी त्याच्या चोचीत बोट जात नाही, ब्रश जात नाही. वाटी-चमचा चारी बाजूंनी घासता येतो. सुरुवातीला सांडतं, पण आठवडाभरात बाळ शिकतं.

पाणी गाळल्याने गाळ जातो, जिवाणू राहतात. पाच वर्षांखालचं मूल घरात असेल तर पावसाळ्यात पाणी खळखळून उकळाच. गॅस परवडत नसेल तर मेडिक्लोरसारखं क्लोरीनचं औषध वापरा. बाटलीवर लिहिलेलं प्रमाण घ्या, आणि अर्धा तास थांबल्याशिवाय पिऊ नका. मग उकळलेल्या पाण्याचा माठ भरता आणि त्यात सगळे जण पेला बुडवतात, तर सगळी मेहनत वाया. लांब दांड्याचं ओगराळं ठेवा किंवा तोटीचा माठ घ्या. शहरात दिवसाआड पाणी येत असेल, तर नळ सुटल्यावरचं पहिलं पाणी सोडून द्या. बंद नळवाहिनीत गळतीच्या जागी बाहेरची घाण आत ओढली जाते.

शिजवलेलं अन्न दोन तासांत बाळाला द्या. सकाळची खिचडी संध्याकाळी द्यायची झाली तर फ्रिजमध्ये ठेवलेली आणि पुन्हा वाफ येईपर्यंत तापवलेली हवी. कच्चं दूध नको. चिकन, अंडी पूर्ण शिजलेली हवीत, आणि कच्चं चिकन चिरलेल्या विळीवर किंवा पाटावर बाळाची केळी-काकडी कापायची नाही.

लसी: रोटाव्हायरसची लस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना सरकारी दवाखान्यात मोफत आहे. ती जिवाणूंवर नसली तरी जुलाबाचा सगळ्यात मोठा भार कमी करते. गोवर-रुबेलाची लसही चुकवू नका. गोवर झालेल्या मुलाला जुलाब होतात आणि ते जड जातात.

वस्तीत आणखी कोणाला झालंय का?

एकाच आळीत, वाडीत, सोसायटीत दोन-तीन मुलांना एकाच आठवड्यात जुलाब झाले, तर गोष्ट तुमच्या स्वयंपाकघरापुरती राहत नाही. आशाताईंना किंवा आरोग्यसेविकेला कळवा. शहरात महापालिकेच्या दवाखान्यात सांगा. गावात ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो. टाकीत, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर वेळेवर पडते का, हे त्याला विचारायचा तुम्हाला हक्क आहे. नळाच्या शेवटच्या घरातल्या पाण्याची ओटी चाचणी करायला सांगा. द्रावणाचे थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर क्लोरीन पोचतंय, तसंच राहिलं तर नाही. टाकीजवळच्या घरात पाणी पिवळं होतं आणि टोकाच्या घरात होत नाही, असं वारंवार घडतं, म्हणून टोकाचंच घर तपासायला लावा. महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवं, पिवळं, लाल कार्ड देतात. तुमच्या गावाला कुठलं मिळालंय ते ग्रामपंचायतीत विचारा. लाल असेल तर ग्रामसभेत कारण मागा.

आणि शक्य असेल तर आजारी मुलाच्या शीचा नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी तपासणीला द्या. औषध पोटात गेल्यावर जिवाणू नमुन्यात सापडणं अवघड होतं, आणि मग साथ कशाची आहे हे शोधण्यात वस्तीचे दिवस जातात.